बुकले सुताचा नमुना उलगडून हिशेब कसा काढावा

बुकले म्हणजे कड्या-कड्यांचं फॅन्सी सूत. त्याचा नमुना आला की काउंटच्या (सुताच्या बारीकपणाचा आकडा, जितका मोठा तितकं सूत बारीक) आधी लांबी मोजा. या सुतात तीन धागे असतात: मधला कोर, जास्त लांबीने सोडल्यामुळे कड्या पाडणारा इफेक्ट, आणि त्या कड्या जागेवर धरणारा बाइंडर. तिघांच्या लांब्या वेगळ्या असतात आणि सगळा हिशेब त्यावरच उभा असतो.

सुताच्या कोनवरून (गुंडाळीवरून) पाच ठिकाणचे ५० सेंमीचे तुकडे घ्या. ताण सूत सरळ राहण्यापुरताच ठेवा. तो वाढला की कड्या आत ओढल्या जातात आणि इफेक्टची लांबी कमी भरते.

आधी एका वेगळ्या तुकड्यावर बाइंडर बारीक कात्रीने जागोजागी कापा. कोर आणि इफेक्ट लगेच मोकळे झाले, तर सूत पोकळ स्पिंडलवरचं (तिथे बाइंडर नुसता भोवती गुंडाळतात). एकमेकांत पिळलेलेच राहिले, तर दोन टप्प्यांत रिंगवर पिळलेलं (आधी कोर-इफेक्ट एका दिशेने, मग बाइंडरसह उलट दिशेने).

समजा रिंगवरचं आहे. ट्विस्ट टेस्टरवर (पिळाच्या फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रावर) बाइंडरचा एस पीळ (S अक्षराच्या मधल्या रेघेसारखा तिरपा; झेड त्याच्या उलट) उलटा काढा. १५० फेऱ्यांत तो सुटला, म्हणजे मीटरला ३०० पीळ. इथे बरेच जण चुकतात: याच फेऱ्यांनी कोर-इफेक्टमध्ये तेवढाच झेड पीळ परत भरतो. आता दिशा बदलून ते दोघे सुटायला ३०० फेऱ्या लागल्या, तर पहिल्या टप्प्याचा पीळ मीटरला ६००.

तिन्ही धागे सुईने अलगद सोडवा, सरळ करा, मोजा, तोला. एका नमुन्याचे आकडे असे: कोर ५२ सेंमी, १५.४ मिग्रॅ, बाइंडर ५८ सेंमी, ८.६ मिग्रॅ, इफेक्ट ११० सेंमी, ५५ मिग्रॅ. मिलिग्रॅमला मीटरने भागलं की टेक्स (किलोमीटरमागे ग्रॅम), आणि ५९०.५ ला टेक्सने भागलं की इंग्लिश काउंट. म्हणजे कोर २० चा, बाइंडर ४० चा, इफेक्ट १२ चा. इफेक्ट कोरच्या २.१२ पट सोडलेला आहे.

तिन्ही टेक्सची नुसती बेरीज ९४ येते, म्हणजे सव्वासहा काउंट. तो आकडा चुकीचा, कारण सुताच्या ५० सेंमीत प्रत्येक धागा त्याहून लांब भरलेला आहे. ५० सेंमीत खरं वजन ७९ मिग्रॅ आहे, म्हणजे १५८ टेक्स, काउंट ३.७. पहिल्या आकड्यावर सूत मागवलं, तर मालाच्या मध्यातच ते संपेल.

बाइंडरवरून एक पडताळा घ्या. ५८ सेंमीला १५० ने भागलं की एका वेढ्याची लांबी ३.८७ मिमी, वेढ्यांमधलं अंतर ३.३३ मिमी. दोन्हींच्या वर्गांतल्या फरकाचं वर्गमूळ १.९६ मिमी, तोच वेढ्याचा परीघ. म्हणजे व्यास ०.६२ मिमी. भिंगाखाली कड्या सोडून सुताची जाडी याच्या जवळपास दिसायला हवी. फार वेगळी दिसली, तर फेऱ्या किंवा लांबी पुन्हा मोजा.

विणताना कड्या सरकून गोळा होत असतील, तर बाइंडरचे वेढे कमी पडलेत. कड्या दबल्या असतील, तर वेढे किंवा ताण जास्त आहे. कडीऐवजी शेपटीसारखी गुंडाळी होत असेल, तर इफेक्टच्या मूळ धाग्यालाच पीळ जास्त आहे. मऊ पिळाचा घ्या. मध्येच उघडा कोर दिसला, तर इफेक्टचा फीड रोलर (धागा पुढे सोडणारा रूळ) घसरतोय का ते आधी बघा.

इलास्टेनवर (रबरासारख्या ताणणाऱ्या धाग्यावर) नायलॉन गुंडाळलेलं कव्हर्ड सूत मात्र पूर्ण ताणून मोजायचं. सैल असताना वेढे दाटतात आणि मीटरला खोटा मोठा आकडा मिळतो. ते सैल धरल्यावर स्वतःभोवती पिळवटलं तर बहुधा एकेरी कव्हर, म्हणजे वेढ्यांचा एकच थर, समजा. दुहेरीत बाहेरचा वेढा उलट दिशेने घालून पीळ तोललेला असतो. पैठणीची जरही याच घराण्यातली: रेशमी गाभ्यावर चपटी तार. तिथे दोन वेढ्यांत फट राहिली, तर आतलं रेशीम डोकावतं आणि पदराची झळाळी तिथेच मंदावते.