पृथ्वीच्या पोटात लाव्हा भरलेला नाही: मॉडेल आणि उत्तरपत्रिकेतल्या या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षणाला मला बोलावतात, आणि दरवर्षी तोच थर्माकोलचा कापलेला गोळा समोर येतो. मधोमध पिवळा, भोवती लालभडक, वर दोन बोटं जाड तपकिरी थर. ‘हे लाल काय?’ विचारलं की उत्तर तयार असतं, ‘सर, प्रावरण. तिथे लाव्हारस असतो.’ प्रावरण म्हणजे वरचं कवच आणि मधला गाभा यांच्यामधला थर. रंगकाम बहुतेक वेळा वडिलांनी रात्री जागून केलेलं असतं, म्हणून पोराला मी फार बोलत नाही.

पण ही चूक सगळ्या चुकांची आई आहे. ती मीही केलीय. नोकरीचं दुसरं वर्ष, सातवीचा वर्ग. लाल खडूने वर्तुळ भरलं आणि ठोकून दिलं, की आपल्या पायाखाली तप्त रस खदखदतोय. मागच्या बाकावर एक मुलगा होता, त्याच्या घरची बोअर मारायची गाडी होती. तो उठला. ‘सर, आमची गाडी सहाशे फूट जाते. दगडच लागतो.’ मी म्हटलं, ‘अरे, त्याच्या खूप खाली.’ ‘मग तिथला रस बघितला कुणी?’ तेवढ्यात घंटा झाली म्हणून वाचलो.

बघितला कुणीच नाही. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर माणसाने १२,२६२ मीटरपर्यंत भोक पाडलं, तेही कवचातच राहिलं. आपल्याकडे कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल गेले. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला आपला काळा दगड, संपला आणि खाली लागला तो आणखी जुना, ग्रॅनाइटसारखा दगड. पोराचं बरोबर होतं.

खालचं कळतं ते भूकंपाच्या लहरींवरून. त्यांतल्या मागून पोचणाऱ्या, म्हणजे दुय्यम लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत. त्या प्रावरणातून आरपार जातात आणि सुमारे २,९०० किलोमीटरवर अडतात. म्हणजे तिथवर घन खडक, आणि खरा द्रव थर त्याच्या खाली: बाह्य गाभा, तोही लोखंड-निकेलचा. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन फळ्यावरचा लाल रंग मीच पुसला. पोरं हसली, हसू दिलं.

इथे हुशार विद्यार्थी विचारतो, घन आहे तर भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या भागाचे मोठाले तुकडे, सरकतात कसे? यावर मी मेणबत्ती काढतो. मे महिन्यात कपाटात उभी ठेवलेली मेणबत्ती मान टाकते. वितळलेली नसते, हाताला घट्टच लागते, तरी वाकलेली असते. प्रावरणाचा खडक तसा, वर्षाला काही सेंटिमीटर या चालीने हलणारा. ‘अर्धवट वितळलेला’ असं लिहून दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्यांचे मी अर्धा गुण कापतो. वरच्या प्रावरणात काही ठिकाणी थोडासा वितळलेला भाग असेलही. त्यावरून सगळ्या प्रावरणाला रस म्हणणं म्हणजे ओल्या फडक्याला विहीर म्हणणं.

मग ज्वालामुखीत लाव्हा येतो कुठून? कुकर आठवा. दाब वाढला की पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. खडकाचंही तसंच: खोलात तो प्रचंड तापलेला असतो, पण दाबामुळे वितळत नाही. तोच खडक वर सरकला, दाब उतरला, की त्यातला थोडा भाग वितळतो. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मुख्यतः असाच तयार झाला. म्हणजे लाव्हा वाटेत होतो, तळाशी टाकीत साठवलेला नसतो.

रंगाचंही सांगतो. वरच्या प्रावरणाचा खडक हाती घेतला तर हिरवट दिसतो, ऑलिव्हिन या खनिजामुळे. कच्छमध्ये भूजच्या आसपासच्या काही टेकड्यांत, लाव्ह्याने खालून उचलून आणलेले असे तुकडे बेसाल्टमध्ये रुतलेले सापडतात. माझ्याकडे सुपारीएवढा एक आहे. काळ्या दगडात जाड साखरेच्या दाण्यासारखे हिरवे कण, उन्हात धरले की काचेसारखे चमकतात. लाल रंगाची बाटली उघडण्याआधी हा तुकडा मी पोरांच्या हातावर ठेवतो.

आता ते दोन बोटं जाड कवच. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यावर ३५ किलोमीटरचं खंडीय कवच एक मिलिमीटरही भरत नाही, समुद्राखालचं तर कागदाइतकं. प्रावरण पावणेसात सेंटिमीटर, बाह्य गाभा सव्वापाच, त्याच्या आतला घन अंतर्गाभा जेमतेम तीन. भागाकार एकच आहे, पाच मिनिटांचा. तो टाळून इंटरनेटवरचं चित्र जसंच्या तसं उतरवणाऱ्याला मी लगेच ओळखतो.

बाकीच्या चुका किरकोळ, पण गुण खातात. भूपट्ट म्हणजे कवच नव्हे; कवच आणि त्याला चिकटलेलं प्रावरणाचं वरचं ताठ अंग मिळून भूपट्ट. खाली जाताना तापमान दर किलोमीटरला २५-३० अंशांनी वाढतं, हा हिशेब केंद्रापर्यंत ताणू नका, उत्तर दीड लाख अंशांच्या वर जातं. खरं तापमान पाच-साडेपाच हजार अंशांच्या घरात. सियाल-सायमा-निफे पाठ असेल तर असू द्या, पण ही पृथ्वीच्या थरांची जुनी विभागणी आहे, आजच्या आकृतीवर ती नावं चिकटवू नका. अंतर्गाभा ‘थंड म्हणून घन’ नाही, दाबामुळे घन आहे. तो असल्याचं डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये भूकंपलहरींवरूनच दाखवलं.

आणि कवच दाखवायला क्ले वापरू नका. कितीही लाटली तरी जाडच होते. मी जुनं पोस्टकार्ड कापून चिकटवतो, आणि समुद्राच्या जागी वहीचा साधा कागद.