पानामागची कोळी: पीक खाणारी कोणती, तिला खाणारी कोणती?

वांग्याच्या पानावर बारीक पिवळट ठिपके, खाली विरळ जाळी. हे दिसले की बहुतेक ठिकाणी त्याच संध्याकाळी पंप भरला जातो. फवारणीआधी दहा मिनिटे पान उलटे करून पाहिले, तर दोन गोष्टी कळतात. ही पिकाचा रस शोषणारी लाल कोळीच (इंग्रजीत माइट; घरात जाळे विणणारा कोळी नव्हे) आहे का, आणि तिला खाणारी मित्र कोळी आधीच कामाला लागली आहे का. दुसरी गोष्ट बहुधा कुणी पाहत नाही. पायरेथ्रॉइडसारख्या औषधाने मित्र कोळी मरते, लाल कोळीची अंडी मात्र राहतात आणि आठवडाभरात रान पुन्हा भरते.

हाताशी काय हवे

सोनाराकडे असते तसे १० पटीचे घडीचे भिंग लाल कोळीसाठी पुरते. मिरचीवरची पिवळी कोळी पाहायची तर २० पटीचे घ्या. शिवाय शून्य नंबरचा मऊ ब्रश, पांढरा कागद, काळा पुठ्ठा (फिकट कोळी त्यावरच उठून दिसते), प्लास्टिकच्या पिशव्या आणि घट्ट झाकणाची एक छोटी बाटली.

भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि पान भिंगाकडे आणा. १० पटीत पान साधारण अडीच सेंटीमीटरवर आले की स्पष्ट दिसते. हात लांब करून भिंग पानावर धरले, तर सगळे धूसर दिसते आणि माणूस ‘काहीच नाही’ म्हणून उठतो.

पायरी १: पाने कुठली घ्यावीत

लाल कोळी आधी रानाच्या कडेला, धुळीच्या रस्त्यालगत आणि पाण्याचा ताण बसलेल्या सरीत दिसते. तिच्यासाठी खालची आणि मधली पाने घ्या. पिवळी कोळी कोवळ्या शेंड्यात असते. पान मुरडलेले दिसेपर्यंत ती पुढच्या कोवळ्या पानावर गेलेली असते, म्हणून जुने मुरडलेले पान तपासून उपयोग नाही. रानात नागमोडी फिरून २० झाडांचे प्रत्येकी एक पान घ्या. पिशवी उन्हात ठेवू नका. पान कोमेजले की मित्र कोळी पान सोडून पिशवीच्या कडेला पळते, मग पानावर फक्त लाल कोळीच मोजली जाते आणि निष्कर्ष उलटा निघतो.

पायरी २: कोळी आहे याची खात्री

पूर्ण वाढलेल्या कोळीला ८ पाय असतात. डोक्यावरची शिंगे (मिशा) नसतात, पंख नसतात, अंगाचे डोके-छाती-पोट असे वेगळे भाग दिसत नाहीत. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाला मात्र ६ पाय असतात, त्यामुळे एकाच जीवावर निकाल देऊ नका. फुलकिड्याचे पिल्लू लांबट असते आणि त्याला शिंगे दिसतात. पांढरी धूळ वाटते तीत बरीचशी कोळीची टाकलेली कात असते. ब्रशने हलकेच ढकला. हलली नाही, चपटी आणि पोकळ दिसली, तर ती मोजू नका. फवारणी झालेल्या रानात ही कात पाहूनच पुन्हा फवारणी होते.

पायरी ३: चाल पाहा

पानाच्या खालच्या बाजूवर तोंडाने उबदार वाफ सोडा आणि एक मिनिट पाहत राहा. लाल कोळी संथ सरकते, थांबते, पुन्हा सरकते. मित्र कोळी धावते. मधल्या शिरेच्या कडेने किंवा लव असलेल्या कोपऱ्यातून निघते, पुढचे दोन पाय शिंगांसारखे चाचपत पुढे करते आणि उजेड पडला की पानाच्या दुसऱ्या बाजूला जाते. शिरांचे कोपरे आधी पाहा. पान उलटल्याबरोबर त्या जागा पाहिल्या नाहीत तर ती हातून निसटते.

चाल ही पहिली खूण, शेवटची नव्हे. काही मित्र कोळीही संथ चालतात, आणि पानावरची बुरशी खाणाऱ्या काही निरुपद्रवी कोळी चपळ असतात. म्हणून पुढची पायरी टाळू नका.

पायरी ४: आकार आणि केस

दोन ठिपक्यांची लाल कोळी (टेट्रानिकस अर्टिकी) मादी सुमारे अर्धा मिलिमीटर, अंडाकार असते. पाठीवर लांब, ताठ केस दिसतात. कडेचे दोन काळसर ठिपके म्हणजे पोटातले अन्न. नुकतीच कात टाकलेली कोळी बिनठिपक्याची असते, तिला वेगळी जात समजू नका. आपल्या मित्र कोळीतली नेहमी भेटणारी निओसियुलस लाँगिस्पायनोसस नासपतीसारखी, मागे रुंद, पुढे निमुळती, चकचकीत असते. अंगावर केस मोजकेच.

रंगावर जाऊ नका. लाल कोळी फिकट हिरवीही असते, आणि फिकट रंगाची मित्र कोळी लाल कोळी खाऊन तांबूस होते. ‘लाल ती वाईट’ हा हिशेब इथे चालत नाही. मृगाचा पाऊस पडला की जमिनीवर मखमली तांबडे मृगाचे किडे निघतात, ते तर कोळीच आहेत आणि प्रौढपणी इतर बारीक जीव व त्यांची अंडी खाऊन जगतात.

पायरी ५: अंडी पाहा

अंडी पळून जात नाहीत, म्हणून अनुभवी माणूस आधी अंडीच शोधतो. लाल कोळीचे अंडे गोल, मोत्यासारखे, जाळीत किंवा पानाला चिकटलेले. मित्र कोळीचे लंबगोल, आकाराने मोठे, बहुतेक शिरेजवळ किंवा लवेवर. दोन्ही शेजारी दिसली की फरक लगेच कळतो: एक गोटी, तर एक कोंबडीचे अंडे. पिवळ्या कोळीचे अंडे सगळ्यांत देखणे. लंबगोल, पारदर्शक, वर पांढऱ्या उंचवट्यांच्या रांगा. हे एकदा दिसले की मिरचीवरच्या पिवळ्या कोळीबद्दल शंका उरत नाही.

नुकसानावरून ओळखायच्या

मिरचीचे पान वरच्या बाजूला, होडीसारखे वळले तर आधी फुलकिडे शोधा. कडा खाली वळून पालथी होडी झाली, देठ लांबले, तर पिवळी कोळी शोधा. पिवळ्या कोळीचा नर मादीचा कोष पाठीवर घेऊन चालतो, तेही भिंगात दिसते.

एरिओफिड कोळी मात्र बारीक अळीसारखी असते, पाय फक्त दोन जोड्या, सगळे पुढच्या टोकाला. १० पटीत ती दिसत नाही, नुकसानच वाचावे लागते. नारळाच्या टोपीखालून निघालेला त्रिकोणी पांढरट-पिवळा पट्टा, जो पुढे तपकिरी आणि खरबरीत होतो, ही तिचीच खूण. १९९८ मध्ये केरळातून तिची भारतात नोंद झाली. तुरीवरची एरिओफिड तर पानावर काही डागही पाडत नाही, पण वांझ रोगाचा विषाणू पसरवते. तिथे कोळी मोजण्यापेक्षा वांझ झाडे उपटून बाहेर काढणे महत्त्वाचे.

पायरी ६: मोजणी आणि निर्णय

२० पानांवर लाल कोळी आणि मित्र कोळी वेगवेगळी मोजा. दर १० लाल कोळीमागे एखादी मित्र कोळी दिसत असेल आणि तिची अंडीही असतील, तर घाई करू नका. कोवळे शेंडे सुरक्षित आहेत ना ते पाहा आणि ३-४ दिवसांनी तीच झाडे पुन्हा तपासा. उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपास लाल कोळीची पिढी आठवडाभरातच पूर्ण होते, म्हणून १५ दिवसांची फेरी उशिराची. मित्र कोळी नसेल आणि ठिपके वर चढत असतील, तर कोळीनाशक लागेलच. इमिडाक्लोप्रिडसारखे रसशोषक किडींचे औषध कोळीवर चालत नाही, उलट त्यानंतर कोळी वाढल्याचे अनेकदा दिसते. पाण्यात मिसळणारे गंधकही कडक उन्हात मारू नका, पाने करपतात.

नमुना पाठवताना

जातीची खात्री भिंगाने होत नाही. लाल कोळीच्या जवळच्या जाती नराच्या प्रजनन अवयवावरून, सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर ओळखतात. त्यासाठी ब्रश अल्कोहोलमध्ये ओला करून कोळी उचला आणि ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत सोडा. नर-मादी दोन्ही येतील अशा २०-३० तरी घ्या. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका, शाईची अक्षरे अल्कोहोलमध्ये पुसली जातात. पीक, गाव, तारीख, झाडाचा कोणता भाग आणि शेवटची फवारणी एवढे लिहून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात द्या.