वनस्पतीची रचना आणि वर्गीकरण : या चुका टाळा

उद्यानविद्येच्या व वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: एखादा भाग कसा दिसतो किंवा कशासाठी वापरला जातो, यावरून त्याचे नाव ठरवले जाते. शास्त्रात मात्र अवयव ओळखायचा तो त्याच्या जागेवरून आणि उगमावरून.

जमिनीखाली वाढते ते मूळ, हा समज प्रथम सोडावा. आले व हळद यांच्या गड्ड्यावर पेरी, खवल्यांसारखी पाने व डोळे असतात, म्हणून ती खोडे आहेत; रताळ्यावर पेरी नसतात, ते मूळच. सुरणाच्या बाबतीत तर दुहेरी फसगत होते, कारण जमिनीवर उभा असलेला ठिपकेदार ‘दांडा’ हा एका मोठ्या विभागलेल्या पानाचा देठ असतो आणि खरे खोड म्हणजे आपण भाजीसाठी खणून काढतो तो कंद. केळीचा बुंधा आडवा कापून पाहावा. एकमेकांवर गुंडाळलेले पानांचे तळ दिसतील. केळीचे खरे खोड जमिनीखालील कंदात असते आणि मुनवे तेथूनच फुटतात.

सर्वाधिक गुण फळांच्या प्रश्नात जातात. आंबा आणि नारळ ही दोन्ही अश्मगर्भी (आत कठीण कवचात बी असलेली) फळे आहेत, हे पाठ असूनही आकृतीला नावे देताना गोंधळ होतो. आंब्याचे मध्यकवच, म्हणजे फळाच्या भिंतीचा मधला थर, आपण खातो. नारळाचे मध्यकवच म्हणजे सोडणातील काथ्या. करवंटी हे अंतःकवच, म्हणजे सर्वात आतला थर, तर खोबरे व शहाळ्यातील पाणी ही भ्रूणपोषाची (बीतील अन्नसाठ्याची) घन व द्रव रूपे आहेत. बाठ्याला सरसकट बी म्हणणेही चूक, कारण त्याचे कठीण कवच फळाचा भाग असते आणि बी त्याच्या आत असते. काजूचा बोंडू हा फुगलेला पुष्पदेठ असून त्याच्या टोकाला लटकणारी बी हेच खरे फळ आहे. फणस तर एका फुलाचे फळच नव्हे. संपूर्ण पुष्पबंधापासून (फुलोऱ्यापासून) ते बनते आणि त्यातील गरा म्हणजे फुलाची मांसल झालेली परिदले (फुलाची बाहेरची दले). जायपत्रीला अनेकजण जायफळाची साल म्हणतात, पण ती बीवर वाढलेले स्वतंत्र आवरण आहे. परीक्षेत शंका आल्यास फुलातील अंडाशय (ज्याचे फळ बनते तो भाग) कोठे होता, एवढेच आठवावे.

नारळ व सुपारी यांचे खोड द्विदल (बीत दोन दले असलेल्या) झाडांसारखे समजणे ही चूक परीक्षेत आणि बागेत सारखीच महागात पडते. या एकदल वृक्षांत एधा, म्हणजे खोड जाड करणारा ऊतींचा थर (कँबियम), नसल्याने वार्षिक वलये तयार होत नाहीत, कापलेली जखम नव्या ऊतींनी भरून येत नाही आणि आंब्याप्रमाणे कलम बांधता येत नाही. नारळाला शेंड्याशी एकच वाढीचा कोंब असतो. गेंड्या भुंग्याने तो पोखरून मारला, तर बाजूने फांदी फुटण्याची आशा धरू नये.

कोकम व जायफळ यांची नर व मादी झाडे सामान्यतः वेगळी असतात. नारळात मात्र दोन्ही प्रकारची फुले एकाच फुलोऱ्यात येतात. म्हणूनच बियांपासून कोकमाची रोपे लावल्यास त्यांत नर झाडे बरीच निघतात. मादी झाडाच्या काडीपासून केलेली कलमे हा यावरचा खात्रीचा उपाय.

नावांबाबत थोडक्यात: हापूस ही जात, मँजिफेरा इंडिका ही प्रजाती. रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेली जातही याच प्रजातीत मोडते. संकर म्हटला की प्रजाती बदलली, असे लिहू नये.

वर्गीकरणात सर्वात मोठी चूक म्हणजे दोन पद्धतींची सरमिसळ. बेंथम व हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1862 ते 1883 या काळात मांडलेल्या पद्धतीत अनावृतबीजी (उघड्या बिया असलेल्या) वनस्पती द्विदल आणि एकदल यांच्यामध्ये ठेवल्या आहेत, तर 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एपीजी-4 या, सपुष्प वनस्पतींच्या उत्क्रांतीतील नात्यांवर आधारलेल्या, पद्धतीत जुना द्विदल वर्ग एकसंध मानलेला नाही. कोकणातील मसाल्याच्या बागेत शेजारी वाढणारी मिरी, दालचिनी व जायफळ ही जुन्या पद्धतीत द्विदल, परंतु नव्या पद्धतीत मॅग्नोलिड गटातील, म्हणजे खऱ्या द्विदलांहून वेगळ्या शाखेतील, ठरतात. उत्तराच्या पहिल्याच ओळीत कोणती पद्धत वापरली आहे ते लिहावे आणि शेवटपर्यंत तीच पाळावी.