एआय एजंटला नॉलेज बेसमध्ये लिहू द्यायचं, पण किती?

एजंटला (म्हणजे आपल्या वतीने स्वतः कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामला) दिलेल्या सूचनेत, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये, "काहीही डिलीट करू नकोस" लिहिलं की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. ती विनंती झाली हो, कुलूप नाही. एजंट जी पानं नि ईमेल वाचतो त्यातच कोणी सूचना लपवून ठेवली तर तो तीही गपगुमान पाळू शकतो (यालाच २०२२ पासून प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात), म्हणून अडवायचं ते नॉलेज बेस (आपल्या माहितीचा साठा) ज्यात ठेवलाय त्या डेटाबेसमध्येच. उदाहरण पोस्टग्रेस या डेटाबेसचं घेतो.

आधी एजंटसाठी वेगळा युजर काढा. स्वतःचं लॉगिन त्याला देऊ नका, कारण टेबलच्या मालकाला सगळे अधिकार आपोआप असतात आणि रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी हाताळता येतील याचे नियम) लावली असेल तरी ती मालकाला बाय डिफॉल्ट लागू होत नाही.

मग मुख्य टेबलवर या युजरला फक्त सिलेक्ट (वाचायची परवानगी) द्या, आणि लिहिण्यासाठी बाजूला एक प्रस्तावांचं टेबल करा, त्यावर फक्त इन्सर्ट (नवी ओळ घालायची परवानगी). अपडेट नाही, डिलीट नाही. त्यात मजकूर, तो कुठून मिळाला आणि कोणती जुनी नोंद बदलायची एवढे कॉलम एजंटने भरायचे. कोणी लिहिलं, कधी लिहिलं हे मात्र डेटाबेसने डिफॉल्टमधून भरायचं. इन्सर्टची परवानगी कॉलमवार देता येते, त्यामुळे एजंटला तिथे खोटं लिहिताच येत नाही. दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं: आयडी सीरियल (आपोआप वाढणारा नंबर) असेल तर तो नंबर पुरवणाऱ्या सीक्वेन्सवर यूसेज ही परवानगी पण द्यावी लागते, आणि तुमची लायब्ररी इन्सर्टनंतर आयडी परत मागत असेल तर त्या कॉलमवर सिलेक्ट लागतं. एरर बघून वैतागून सगळंच ग्रँट करून टाकू नका!

आता खरी गोम. सर्चमध्ये मंजूर झालेल्या नोंदीच यायला हव्यात. नाहीतर काय होतं, एजंट आज एक अंदाज लिहून ठेवतो, उद्या तोच सर्चमध्ये सापडतो, मग त्याला वाटतं की हे तर आपल्या नॉलेज बेसमध्येच आहे म्हणजे खरंच असणार, आणि त्यावर तो अजून तीन नोंदी रचतो. डिलीट झालेलं बॅकअपमधून आणता येतं, पण असं हळूहळू मुरलेलं चुकीचं ज्ञान शोधायचं कुठून? म्हणून एम्बेडिंगसुद्धा (अर्थावरून सर्च करण्यासाठी मजकुराचं आकड्यांत केलेलं रूप) मंजुरीनंतरच बनवा.

मंजुरी माणसाने द्यायची, तीही वेगळ्या लॉगिनने, जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी बघून. पण प्रस्तावांचा ढीग साचला की माणूस न वाचता ओके ओके दाबत सुटतो, त्यामुळे टॅग लावण्यासारखी किरकोळ कामं नियमाने आपोआप पास करा आणि लक्ष बाकीच्यांवर ठेवा. मंजूर बदल जुन्या ओळीवर थापायचा नाही, नवी ओळ घालून जुनीवर "कधीपर्यंत लागू" ती तारीख टाकायची.

शेवटी एजंटच्याच लॉगिनने आत जाऊन मुख्य टेबलवर डिलीट मारून बघा, अर्थात टेस्ट कॉपीवर. परमिशन डिनाइड आलं पाहिजे. परवानग्यांऐवजी नुसती रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल अशी) डिफॉल्ट सेटिंग ठेवून भागवलं असेल तर ते सेशन स्वतःच ती सेटिंग परत बदलू शकतं, तेही करून बघा. आणि नवीन टेबल वाढवलं की ही टेस्ट पुन्हा चालवा.