मराठवाड्यातून जर्मनीत नोकरीला येणाऱ्यांसाठी

वाळूज-शेंद्र्याच्या कंपनीत काही वर्षं काढून तुम्ही श्टुटगार्टकडं येता, तेव्हा काम येतच असतं. बदलतं ते साहेबाशी असलेलं नातं, आणि इथल्या एचआरचे सगळे नियम त्या नात्यावरच बेतलेले आहेत.

आपल्याकडं माणूस राबतो आणि गप्प बसतो. साहेबांच्या लक्षात येईल, पगारवाढीला तेच बघतील, असा भरवसा असतो. साहेबही घरातल्या थोरल्यासारखा पोरीच्या लग्नाला येतो, अडीनडीला उचल देतो. त्या मायेची किंमत मला आजही वाटते. पण इथं तुमच्या मनातलं ओळखणं हे साहेबाचं काम नाही. पगार, ट्रेनिंग, बदली, जे हवं ते तोंडानं मागायचं.

डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या अभ्यासल्या. वरिष्ठ-कनिष्ठांतलं अंतर लोक किती गृहीत धरतात, याच्या त्यांच्या मोजपट्टीवर भारत ७७, जर्मनी ३५. कंपनी एकच, तरी एवढी तफावत! ही देशाची सरासरी आहे, प्रत्येक माणूस तसाच निघेल असं नाही.

रोज अडतं ते असं. बैठकीत टीमलीडर विचारतो, "गुरुवारपर्यंत टेस्ट रिपोर्ट होईल?" आपलं पोरगं मान हलवतं. मनात असतं, बघू, रात्र जागून करू. गुरुवारी रिपोर्ट अर्धाच. आपल्याकडं "सर, उद्या सकाळी देतो" म्हटलं की भागतं. इथं त्या होकारावर चौघांनी आपापली कामं लावलेली असतात. सोमवारीच सांगा: "सेन्सरचा डेटा आला नाही, शुक्रवारी दुपारी देतो." कुणी तोंड वाकडं करत नाही. जागरणाचंही कौतुक नाही. कायद्यानं दिवसाचे आठ तास, ताणून दहा.

चूक मात्र सगळ्यांसमोर, सरळ सांगतात. मनाला लावून घेऊ नका, बोलणं कामाबद्दल असतं. प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. म्हणून दोन महिने झाले की स्वतःच वेळ मागून विचारा, कुठं कमी पडतोय?

पाच कायम माणसं असलेल्या ठिकाणीही कर्मचाऱ्यांना आपली समिती निवडता येते, तिला बेट्रीब्सराट म्हणतात. ओव्हरटाइम लावायचा तर कंपनीला तिची संमती लागते. इंजिनिअरही तिला मत देतात. तिच्याकडं गेलात म्हणजे साहेबाविरुद्ध गेलात, असं इथं धरत नाहीत. निवांत जा.

राहिली सुट्टी. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्यानं वर्षाला किमान २० दिवस, बऱ्याच करारांत ३० च्या आसपास. सुट्टीत आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला द्या, ते दिवस परत मिळतात. रजेचं नियोजन वर्षाच्या सुरुवातीलाच होतं आणि नाताळच्या सुट्ट्यांवर लेकरंबाळं असलेल्यांचा आधी विचार होतो. येळवस नेमकी त्याच सुमारास येते. घरच्यांसोबत शेतात भज्जी-आंबील खायची असेल, तर पंचांग बघून जानेवारीतच अर्ज टाका. कारण लिहायची गरज नाही, नुसत्या तारखा पुरतात.