चंद्र डोक्यावर आला तरी पळू नका: मेजोराज मास्क खेळताना या चुका टाळा

नाशिकला वाढलेल्या माणसाला या व्हिडिओ गेमची ओढ खरं तर समजवावी लागू नये. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अर्धं गाव गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, होळकर पुलावर छत्र्या धरून उभं, आणि जो तो एकच विचारतो, नदीतल्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं? गुडघे, मग कंबर, मग छाती. दुतोंड्या मारुती बुडत जातो, पोटात गोळा येतो, तरी तिथून पाय निघत नाही, कारण किती आलंय आणि अजून किती यायचंय हे समोर दिसत असतं. झेल्डा मालिकेतला मेजोराज मास्क, २००० साली निन्टेंडो ६४ वर आलेला, नेमका याच्यावर उभा आहे. क्लॉक टाउन नावाचं गाव, त्याच्यावर अक्राळविक्राळ चेहऱ्याचा चंद्र, ७२ तासांत आदळणार, आणि गावात कुठेही मान वर केली की तो कालच्यापेक्षा मोठा दिसतो.

तरी बरेच जण हा गेम अर्ध्यात सोडतात, किंवा पूर्ण करून म्हणतात की भीती काय ती कळलीच नाही. माझ्या मते ते खेळायच्या पद्धतीमुळे होतं.

सगळ्यात जास्त लोक पहिल्या फेरीत, म्हणजे पहिल्या तीन दिवसांत, गळतात. तुम्ही लाकडी डेकू नावाचा छोटा प्राणी होऊन अडकलेले, गावाबाहेर सोडत नाहीत, ओकारिना ही जादूची बासरी हातात नाही आणि मूळ गेममध्ये तोपर्यंत सेव्हही होत नाही. माझी तिसऱ्या रात्री लाईट गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं, फार वाईट वाटलं होतं. म्हणून सलग तास-सव्वा तास मोकळा असेल तेव्हाच बसा. आणि उगाच धावू नका, घड्याळाचा मनोरा तिसऱ्या रात्री १२ लाच उघडतो, त्याच्या आधी काहीही करा, उघडत नाही. तोपर्यंत दोन कामं झालेली हवीत, गावातली हरवलेली परी तिच्या जागी नेऊन जादूची शक्ती घ्यायची, आणि वेधशाळेतून चंद्राचा अश्रू आणून मनोऱ्यासमोरच्या डेकू दुकानदाराला द्यायचा, म्हणजे त्याचं फूल तुम्हाला मिळतं आणि त्यातून उडून वर जाता येतं. वर चंद्र खाली ओढणाऱ्या, मेजोराचा मुखवटा घातलेल्या स्कल किडला बुडबुडा मारा, ओकारिना पडते, उचला, काळाचं गाणं वाजवा, की वेळ परत पहिल्या सकाळी जातो. झालं, इथून पुढे गेम तुमचा.

पैशाचं पटकन सांगतो. गाणं वाजवून पहिल्या दिवशी परतलात की जवळचे रुपी, बाण, बॉम्ब सगळं जातं, तर आधी पश्चिम क्लॉक टाउनच्या बँकेत भरा, बँकेतलं राहतं. मास्क आणि महत्त्वाच्या वस्तूही राहतात. घुबडाच्या पुतळ्याजवळचा सेव्ह मूळ गेममध्ये तात्पुरता असतो, एकदा लोड केला की पुसला जातो. २०१५ च्या थ्रीडीएस आवृत्तीत तो कायमचा केला, पण स्विचवर २०२२ पासून आहे तो जुनाच गेम, तिथे जुनाच नियम.

आता मोठी चूक. काळाचं गाणं उलट्या क्रमाने वाजवलं की वेळ हळू चालतो, ७२ तास जे खरे ५४ मिनिटांत संपतात ते अडीच तासांच्या वर जातात. मंदिरांमध्ये हे जरूर वापरा, नाहीतर कोडी सोडवता सोडवताच वेळ संपेल. पण माझ्या पंचवटीतल्या मावसभावाने अख्खा गेम तसाच खेळला, प्रत्येक फेरीत काम झालं की लगेच परत पहिल्या सकाळी, आवाज बंद आणि मोबाईलवर दुसरंच काहीतरी चालू. तिसरी रात्र त्याने पहिल्या फेरीनंतर बघितलीच नाही. मग मला म्हणतो, दादा यात घाबरण्यासारखं काय आहे? अरे, पूर आलेला असताना तू घरी पडदे लावून बसलास!

आवाज तर अजिबात बंद करू नका. गावाची साधी आनंदी धून दुसऱ्या दिवशी जलद होते, तिसऱ्या दिवशी आणखी जलद आणि तिच्याखाली काहीतरी भयंकर घुमायला लागतं. शेवटच्या सहा तासांत ती थांबते, घंटा वाजते, जमीन हादरते आणि एक उदास सूर सुरू होतो.

आणि त्या रात्री माणसांना भेटा, हे मी हात जोडून सांगतो. त्याआधी दिवसा महापौरांच्या ऑफिसात उत्सव करायचा की गाव रिकामं करायचं यावर सुतार आणि पहारेकरी भांडतायत आणि महापौरांना काही ठरवता येत नाही. पोस्टमनला पळायचंय पण वेळापत्रकात नाही म्हणून तो खोलीत तळमळतोय. दिवसभर बढाया मारणारा तलवारीचा मास्तर मागच्या खोलीत थरथरतोय. आणि रोमानी रांचवर, तुम्ही गाई वाचवल्या असतील तर, क्रेमिया धाकट्या बहिणीला मोठ्यांसाठी असलेलं दूध आज प्यायला देते, खरं कारण सांगत नाही. मला तिथे दर वेळी नाशिकचा सराफ बाजार आठवतो, पाणी शिरायच्या आधी माल वर चढवताना कोणी मोठ्याने बोलत नाही.

गाणं वाजवलं की हे सगळे तुम्हाला विसरतात, म्हणून काही जण मदत करायचंच सोडतात, ही पण चूकच. गेममधल्या वहीत नोंद राहते आणि तुम्हाला लक्षात राहतं.

कन्सोल नसेल तर पीसीवर आउटर वाइल्ड्स हा अंतराळातला गेम खेळा, २०१९ चा. तिथे दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्यात शस्त्रं किंवा लेव्हल शोधत बसू नका, नाहीतच, फक्त माहिती साठते. आणि यानाचा ऑटोपायलट लावण्याआधी मध्ये सूर्य नाही ना बघा, ऑटोपायलट सरळ रेषेत नेतो.

मेजोरात मात्र एकदा चंद्र पडू द्या. काळाचं गाणं वाजवून सेव्ह करा, मग त्याच गाण्याचे पहिले तीन सूर दोन-दोनदा वाजवा, वेळ अर्धा दिवस पुढे जातो, असं पाच वेळा केलं की तिसरी रात्र लागते. नुकतीच फेरी सुरू केल्यामुळे गमवायला काहीच नसतं. हेडफोन लावा, मनोऱ्यासमोर उभे राहा, रात्री १२ नंतर खरी साडेचार मिनिटं मिळतात, तेवढा वेळ ओकारिना काढू नका आणि वर बघत राहा.