रुतलेलं नख: या चुका टाळा, नाहीतर अंगठा पुन्हा पुन्हा ठणकेल

पायाच्या अंगठ्याचं नख कडेच्या मांसात रुतलं की बहुतेक जण आधी एकच गोष्ट करतात. नेलकटर घेतात आणि तो कोपरा जितका खोल जाईल तितका कापतात. त्या रात्री छान झोप लागते. काही आठवड्यांनी अंगठा पुन्हा ठणकायला लागतो, या वेळी जरा जास्तच. मग आणखी खोल कापलं जातं. वर्षानुवर्षं हेच करत राहिलेली माणसं असतात आणि ‘आमच्या घराण्यात नखंच तशी’ असं सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे. दोन्ही कडांना आत वळलेली नखं आनुवंशिक असू शकतात. पण त्याच वळणाची नखं घेऊन आयुष्यभर काहीही त्रास न झालेले लोकही त्याच घरात सापडतात. फरक बऱ्याचदा कापण्यात असतो.

कोपरा कोरून काढणं

सगळ्या दुखण्याचं मूळ बहुधा इथेच असतं. कोपरा तिरका कापताना नेलकटरचं पातं कडेच्या मांसाखाली पूर्ण पोचत नाही. वरचं नख निघतं आणि आत, नजरेआड, नखाची एक टोकदार कुसळ उरते. दाब कमी झाल्यामुळे बरं वाटतं खरं, पण रिकाम्या झालेल्या जागेत कडेचं मांस वर सरकतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. ते पुढे येतं तेव्हा वाटेत मांस असतं आणि कुसळ थेट त्यात घुसते. पायात मोडलेला काटा आणि ही कुसळ यांत शरीराच्या दृष्टीने काही फरक नाही. काटा आत असेपर्यंत वरून काहीही लावलं तरी सूज जात नाही.

म्हणून नख सरळ, आडवं कापायचं. बोटाच्या टोकाबरोबर किंवा किंचित मागे, पांढरी कड एक-दोन मिलिमीटर राखून. दोन्ही कोपरे मांसाच्या वर, डोळ्यांना दिसतील असे राहिले पाहिजेत. मोज्यात अडकत असतील तर कानशीने हलकेच घासा, कापू नका. आंघोळीनंतर नख मऊ असतं, तेव्हा कापणं सोपं जातं. हाताच्या नखांचं छोटं, गोलाकार पात्याचं नेलकटर अंगठ्याच्या जाड नखाला गोल वळण देतं. पायासाठी मोठं, सरळ पात्याचं वेगळं ठेवा. तिन्हीसांजेला नखं कापू नयेत असं आजी सांगायची. अंधुक उजेडात नखाचा कोपरा धड दिसत नाही, एवढ्या कारणापुरतं तरी ते ऐकायला हरकत नाही.

पार्लरमध्ये पेडिक्युअर करताना किंवा न्हाव्याच्या नराणीने कोपरे ‘स्वच्छ’ करून दिले जातात, तोही हाच प्रकार. तिथे स्पष्ट सांगा: कोपरे कोरू नका, नख सरळ ठेवा.

नखाच्या मधोमध खाच पाडली की कडा आपोआप मध्याकडे ओढल्या जातात, असा एक सल्लाही फिरत असतो. नख मुळापासून वाढतं, पुढच्या टोकाला काय केलं याचा त्याच्या रुंदीवर काही परिणाम होत नाही. खाचेमुळे फक्त मोजे फाटतात.

पू दिसला की गोळ्या, आणि नख तसंच

आधी लाली आणि दाबल्यावर दुखणं, मग सूज आणि पाणी किंवा पू, आणि शेवटी नखाच्या कडेवर चढलेलं लालभडक, ओलसर मांस, जे मोजा घासला तरी रक्ताळतं. साधारण याच क्रमाने दुखणं वाढतं. दुसऱ्या टप्प्यावर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणणं ही आपल्याकडची ठरलेली वाट. गोळ्यांनी चार दिवस सूज ओसरते, कोर्स संपला की परत येते, कारण कुसळ जागेवरच असते. लाली अंगठ्यापलीकडे पावलावर पसरत असेल, ताप असेल किंवा जांघेत गाठ आली असेल तर अँटिबायोटिक लागतंच, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. एरवी नखाचा बंदोबस्त झाला की पू बहुधा आपोआप थांबतो. वाढलेलं मांस नुसतं जाळून घेण्याचाही असाच तात्पुरता उपयोग.

घरगुती उपायांपैकी काही निरुपद्रवी आहेत, काही नाहीत. नखुरडं समजून अंगठ्यावर लिंबू चढवून ठेवणं झोंबतं, पण रुतलेलं नख त्याने हलत नाही. चुना लावणं मात्र घातक आहे, तो ओल्या जखमेला भाजतो. जंतुनाशक औषध पाण्यात न मिसळता तसंच ओतलं तर तेच होतं. हळद भरून घट्ट चिंधी बांधली की आत ओल कोंडते आणि खाली काय चाललंय ते दिसेनासं होतं.

घरी काय खरंच उपयोगी पडतं

पू नसेल, नुसती लाली आणि दुखणं असेल, आणि मधुमेह नसेल, तर आठवडा-दोन आठवडे घरी प्रयत्न करायला हरकत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा १०-१५ मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवा. मीठ घातलं तरी चालेल. मग पाय नीट पुसा, बोटांच्या मधली जागासुद्धा. आता मांस मऊ झालेलं असतं, तेव्हा बोटाने कडेचं मांस नखापासून बाहेरच्या दिशेने आणि खाली ढकला. बहुतेक जण नुसतं भिजवतात आणि ही पायरी सोडून देतात, आणि मग कोमट पाण्याचा काही उपयोग नाही म्हणतात.

यानंतर स्वच्छ कापसाची बारीक वात वळून नखाच्या कोपऱ्याखाली हळूच सरकवता येते. दातांत फिरवायचा धागाही चालतो. कोपरा उचलून धरणं एवढंच त्याचं काम. वात रोज बदलायची. जुनी वात आठवडाभर आत कुजत ठेवणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. खूपच दुखत असेल तर खुपसू नका. त्याऐवजी चिकटपट्टीचा उपाय सोपा आहे: पट्टीचं एक टोक नखाशेजारच्या सुजलेल्या मांसावर चिकटवा, मांस नखापासून दूर ओढा आणि पट्टी अंगठ्याच्या खालून तिरकी वळवून वर आणा. अंगठ्याभोवती आवळलेलं कडं मात्र करायचं नाही. टोक पांढरं किंवा निळसर पडलं, मुंग्या आल्या, तर लगेच सोडा.

आणि कोपरा वाढू द्या. हे सगळ्यांत अवघड. तो मांसाच्या पुढे येईपर्यंत एक-दोन महिने हात आवरावा लागतो.

बुटांकडे दुर्लक्ष

जूनमध्ये घेतलेले शाळेचे काळे बूट दिवाळीपर्यंत आखूड झालेले असतात, आणि मूल सांगत नाही. किशोरवयात हा त्रास जास्त दिसतो: पाय भराभर वाढतात, घाम जास्त येतो, फुटबॉलमध्ये अंगठ्यावर आघात होतात. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

गड उतरताना प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आदळतो. चढताना नाही, उतरताना. निघण्यापूर्वी नखं दोन दिवस आधी कापून घ्या आणि उतरणीला लागण्याआधी नाड्या घोट्याजवळ घट्ट बांधा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. कारखान्यात पोलादी टोकाचे सेफ्टी शूज दिवसभर घालावे लागत असतील तर एक माप मोठं, रुंद टोकाचं मागून घ्या. हा हट्ट करण्याजोगा आहे. पावसाळ्यात ओले मोजे दिवसभर पायात राहिले की त्वचा भिजून पांढरी पडते आणि नखाची कड तिच्यात सहज घुसते. बॅगेत एक कोरडा जोड असू द्या.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असताना किंवा कॅन्सरच्या काही औषधांनीही नखाच्या कडेला असाच त्रास होऊ शकतो. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना अंगठा दाखवा.

मधुमेह असताना ‘बघू दोन दिवस’

इथे घरचे प्रयोग नकोत. मधुमेहात पायाच्या नसा बधिर झालेल्या असतील तर रुतलेलं नख दुखतच नाही, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. रक्तपुरवठा कमी असेल तर छोटी जखमही भरत नाही, गँगरीनपर्यंत जाऊ शकते. पाणी किती गरम आहे हेही पायाला कळत नाही, त्यामुळे शेक घेताना भाजून फोड आलेले असतात. रोज रात्री पाय पाहा, वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना सांगा. लाली दिसली की त्याच दिवशी डॉक्टर.

शस्त्रक्रियेची भीती, आणि चुकीची शस्त्रक्रिया

पू, वाढलेलं मांस किंवा वारंवार होणारा त्रास असेल तर जनरल सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. अंगठ्याच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देतात. ते टोचताना चांगलंच दुखतं, पुढचं काही कळत नाही. रुतलेल्या बाजूची नखाची फक्त उभी पट्टी काढतात आणि तिच्या मुळाशी फिनॉल हे रसायन लावतात, म्हणजे तेवढा भाग पुन्हा उगवत नाही. नख थोडं अरुंद दिसतं, एवढंच.

‘अख्खं नखच काढून टाका’ असा आग्रह धरू नका. मूळ तसंच ठेवून नुसतं नख उपटलं तर निम्म्याहून जास्त रुग्णांत त्रास परत येतो, आणि नवं नख पूर्ण यायला १२ ते १८ महिने लागतात. मूळ नष्ट करणार आहात का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

फिनॉलनंतर दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त, पाणी झिरपतं. ते पाहून पू झाला असं समजून लोक घाबरतात. वाढत जाणारं दुखणं आणि पसरणारी लाली ही काळजीची खूण, नुसता पातळ स्राव नव्हे. पहिला दिवस पाय उशीवर उंच ठेवा, पट्टी सांगितल्याप्रमाणे बदला, उघड्या टोकाच्या चपला घाला. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही तिथेच सांगा.

नख नीट काढूनही कडेचं लाल मांस महिनोन्‌महिने जात नसेल, नखाखाली कडक उंचवटा लागत असेल किंवा काळपट रंग पसरत असेल, तर पुन्हा तेच ड्रेसिंग करून घेऊ नका. खाली हाड वाढलेलं असू शकतं, क्वचित त्वचेचा कॅन्सरही रुतलेल्या नखासारखा दिसतो. एक्स-रे आणि तुकडा काढून तपासणी याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.